माल ‘नकली’ नव्हता, तरी फसवणूकच होती

घरच्या वॉटर प्युरिफायरचा फिल्टर बदलायचा होता. शॉपिंग ॲपवर कंपनीचं नाव अचूक स्पेलिंगसकट टाकलं आणि सगळ्यात वर आलेला फिल्टर मागवला. तोच निळा रंग, तशीच तिरकी अक्षरं, नावाआधी तसाच पाण्याचा थेंब. नावाच्या शेवटी मात्र एक अक्षर बदललेलं होतं, आणि तेही उच्चारात जवळपास सारखंच. बसवल्यावर जोडातून पाणी झिरपायला लागलं, म्हणून कंपनीच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने झाकण फिरवून फिल्टर बाहेर काढला आणि म्हणाला, “ताई, हा आमचा नाहीच. ही रबरी रिंग बघा, खाचेत पूर्ण बसतच नाही.” मग स्वतःच्या बॅगेतला खोका काढून माझ्या खोक्याशेजारी ठेवला. तेव्हा फरक ठळक दिसला.

पण खरेदी करताना दोन्ही खोके असे शेजारी-शेजारी कोणाच्या हातात असतात? या धंद्याची सगळी मदार त्यावरच आहे.

ॲपवर ‘नकली वस्तू मिळाली’ हा पर्याय निवडून तक्रार केली. ती लगेच बंद झाली. उत्तर असं, की लिस्टिंगवर जे नाव आहे तेच खोक्यावर आहे, म्हणजे मागवलेलीच वस्तू तुम्हाला मिळाली. चिडचिड झाली, पण शब्दशः ते खरंच होतं. कुणी कुणाचं नाव जसंच्या तसं छापलेलं नव्हतं. वर ‘टीएम’ही (ट्रेडमार्क, म्हणजे व्यापारचिन्ह) छापलेलं होतं, त्यामुळे खोका आणखी भारदस्त दिसत होता. हे ‘टीएम’ नोंदणी नसतानाही लावता येतं. नोंदणी झाल्याची खूण म्हणजे गोलातला ‘आर’, आणि नोंदणी नसताना तो छापायला भारतात कायद्याने मनाई आहे. म्हणून अशा खोक्यांवर बहुतेकदा ‘टीएम’च दिसतं. कायद्याची एवढी माहिती त्यांना पक्की असते!

विक्रेत्याचं म्हणणं, “नाव वाचायचं होतं.” या उत्तराने गप्प बसू नका. १९६२ साली ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या नावांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की सर्वसाधारण बुद्धीचा, अर्धवट आठवणीवर विसंबणारा ग्राहक नावाची फोड करून अर्थ लावत बसत नाही. नाव एकूण कसं वाटतं तेच त्याच्या लक्षात राहतं. इंग्लंडमध्ये तर लिंबाच्या रसाच्या, लिंबाच्याच आकाराच्या प्लास्टिक बाटलीची नक्कल केल्यावरून खटला झाला. नक्कल करणाऱ्याचं लेबल वेगळं होतं, नीट वाचलं असतं तर ग्राहकाला कळलं असतं. तरीही १९९० साली निकाल मूळ कंपनीच्याच बाजूने लागला. औषधांच्या बाबतीत कसोटी आणखी कडक असते. ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या मलेरियावरच्या औषधांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये म्हटलं, की इथला गोंधळ जिवावर बेतू शकतो. माझ्याकडे निदान नुसतं पाणी गळलं.

अडचण अशी, की ट्रेडमार्कचं उल्लंघन झालं म्हणून दावा लावायचा तो ट्रेडमार्कच्या मालकाने. फसतो ग्राहक, पण त्या दाव्यात त्याला स्थान नाही. त्याच्या हातात असतो ग्राहक संरक्षण कायदा. वस्तूला दुसऱ्या कंपनीची मान्यता नसताना ती असल्याचं भासवणं, हे २०१९ च्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. मग मी नव्याने तक्रार लिहिली. त्यात ‘नकली’ हा शब्द कुठेही येऊ दिला नाही. ‘रंग, अक्षरांची ठेवण आणि चिन्ह यांतून दुसऱ्या कंपनीचा माल असल्याचा आभास निर्माण केला आहे’ एवढंच लिहिलं आणि दोन्ही खोक्यांचे फोटो, लिस्टिंगचा स्क्रीनशॉट जोडला. पैसे परत आले.

एक गोष्ट मात्र निष्पक्षपणे सांगायला हवी. दुसऱ्याच्या यंत्राला बसणारे सुटे भाग बनवणं यात गैर काही नाही. ‘अमुक मॉडेलला चालेल’ असं उघड लिहून, स्वतःच्या नावाने प्रामाणिकपणे ते विकणारे बरेच आहेत. माझ्या खोक्यावरही ती ओळ होतीच, फक्त तळाशी, बारकोडखाली, चष्मा लावूनही डोळे ताणावे लागतील एवढ्या बारीक अक्षरांत.

तेव्हा सर्चमध्ये वर आलेल्या वस्तूवर ‘प्रायोजित’ लिहिलेलं असेल तर ती जागा पैसे देऊन घेतलेली आहे, हे लक्षात ठेवा. तुम्ही टाकलेल्या नावाशी तिचा संबंध असेलच असं नाही. ब्रँडच्या नावावर थांबू नका, उत्पादकाचं नाव आणि पत्ता जुन्या खोक्यावरच्या पत्त्याशी ताडून बघा. नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे करता येतं, पण उत्पादकाचा पत्ता सहसा कुणी उचलत नाही.

मूळ कंपनीलाही मी फोटो पाठवले. पैसे परत आले तरी खोका आणि बिल टाकू नका, असं त्यांनी कळवलं. त्यांना पुढे दावा करायचा झाला तर ग्राहकाची खरोखर गल्लत झाल्याचा पुरावा म्हणून ते उपयोगी पडतं. फिल्टर टाकून दिला, खोका ठेवला आहे.