बाटली की वाइप्स?
कोकणच्या सागरी मार्गावर सायकलला तंबू बांधून निघालं की पहाटेचा प्रश्न काही टळत नाही: उघड्यावर शौचाला गेल्यावर धुवायला पाणी की पुसायला वेट वाइप्स?

माझं मत आधीच सांगतो, पाणी. अर्ध्या लिटरची बाटली, झाकणाला सुईने पाडलेली तीन-चार भोकं. धार नेमकी लागते आणि थोडक्यात काम होतं. टपरीवर, देवळाच्या नळावर ती पुन्हा भरता येते. (पिण्याच्या बाटलीशी गल्लत नको म्हणून लाल चिकटपट्टी लावा. अनुभवाचे बोल आहेत.) मात्र नंतर अंग नीट कोरडं करा, ओलेत्याने सीटवर बसलात तर दुपारपर्यंत मांड्या सोलवटतात.

वाइप्स हलके, रात्री तंबूत घाम पुसायला झकास. पण बऱ्याच वाइप्समध्ये प्लास्टिकचे धागे असतात, ते कुजत नाहीत. वापरलेले पिशवीत भरून परत आणायचे. मे महिन्यात ती पिशवी उघडून बघाच!

साबण आणि खड्डा दोन्हीकडे लागतोच. खड्डा १५-२० सेंटिमीटर खोल, ओढ्या-विहिरीपासून ६० मीटर तरी लांब. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, खुरपं चालत नाही. तिथे मी सरळ पुढचा पेट्रोल पंप गाठतो.