घोडबंदरचा टॉवर की चरईचा? भाड्याने घेणाऱ्यांसाठी

ठाण्यात दोन्हीकडे भाड्याने राहून झालंय. घोडबंदरला वाघबीळजवळ २४व्या मजल्यावर पावणेदोन वर्षं आणि आता चरईत १९व्या मजल्यावर, त्यामुळे ऑफिसात कोणी घर बघायला लागलं की मला विचारतंच. जिम, मॉड्युलर किचन वगैरे दोन्हीकडे आहे, त्यात वेळ घालवत नाही.

घोडबंदरचं चांगलं आधी सांगतो कारण ते खरंच चांगलं आहे. पावसाळ्यात गॅलरीत उभं राहिलं की समोर येऊरचा डोंगर, चहा हातात गार व्हायचा. भाडं तेवढंच द्याल तर चरईत एक खोली कमी मिळेल असं धरून चाला. पोरांना सायकल फिरवायला मोकळी जागा, गाडीला हक्काचं पार्किंग. उन्हाळ्यात टँकर यायचे पण आम्हाला पाणी कधी कमी पडलं नाही. कापूरबावडीचं ट्रॅफिक आणि मेट्रोचं काम, त्याचीही सवय झाली होती.

सवय झाली नाही ती गेटची. येणाऱ्या प्रत्येकाला ॲपवरून परवानगी द्यायची आणि आमच्या फ्लॅटला नंबर लागलेला घरमालकाचा, तो राहतो पुण्यात. चार वेळा अर्ज दिल्यावर माझा नंबर चढला, पण दुपारी घरी असते आई आणि तिला काही ते ॲप जमत नाही. मे महिन्यात मावशी डोंबिवलीहून लोणच्याची बरणी घेऊन आली, मी मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर, आणि ती गेटबाहेर उन्हात पस्तीस मिनिटं उभी. वर आली तेव्हा एक शब्द बोलली नाही, बरणीला तेल सुटलं होतं ते पदराने पुसलं आणि पाणी मागितलं. त्या दिवसापासून आई म्हणायला लागली, नको रे कोणाला बोलावूस. तिथेच माझं मन उडालं. सिक्युरिटी हवीच, मान्य, एवढ्या मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये पर्याय नसेलही, आणि तुमच्याकडे दोघंही कमावते असाल, दिवसभर घर बंद असेल तर तुम्हाला याचा त्रास कदाचित होणारही नाही.

चरईतला आमचा टॉवर रिडेव्हलपमेंटचा. खालच्या मजल्यांवर जुन्या बिल्डिंगमधली मूळ माणसं आहेत, ती तीस-चाळीस वर्षं एकमेकांना ओळखतात. वॉचमन वहीत नाव लिहितो, इंटरकॉम करतो, आई म्हणते पाठवा, संपलं. सोमवारी ती पायी कोपिनेश्वरला जाऊन येते, येताना जांभळी नाक्यावरून भाजी. १८५३ साली बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी जिथे आली ते आपलं ठाणे स्टेशन, मी तिथून रात्री साडेदहालासुद्धा चालत घरी येतो, रिक्षावाल्याला विनवण्या नाहीत. खिडकीतून मासुंदा तलाव दिसतो आणि पलीकडे जेलची तटबंदी. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला आणि १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेला ठाण्याचा किल्ला तो हाच, हे पोरीला मी खिडकीतूनच दाखवलं.

त्रास इथेही आहे. प्लॉट छोटे म्हणून पार्किंग मशीनचं, सकाळी गाडी खाली यायला थांबावं लागतं, आणि पाहुण्यांची गाडी गल्लीत लावायची तर देवाचं नाव घ्या. नवरात्रात टेंभी नाक्याकडचे रस्ते बंद, पाडव्याला ढोल-ताशा १९व्या मजल्यापर्यंत ऐकू येतो (मला आवडतो, पण लहान बाळ असेल तर विचार करा).

कुठेही घ्या, करार रजिस्टर करून घ्या, १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी घरमालकाची आहे. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून लागणारे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सोसायटी मालकाकडून घेते, ते तुमच्या माथी मारले जात नाहीत ना हे आधी बोलून घ्या. घोडबंदरला टोकन द्यायच्या आधी गेटवर कोणाचा नंबर चढणार आणि किती दिवसांत, हे सोसायटीच्या ऑफिसमधून लेखी घ्या. चरईत बघणार असाल तर संध्याकाळी सातला स्वतःची गाडी घेऊन जा आणि ती मशीनवर चढवून, परत उतरवून बघा.