बिनचावीच्या गाडीला दांडा: पाऊच, स्टिअरिंग लॉक आणि ट्रॅकर वापरून झाल्यावर

पुश-बटणाची, म्हणजे चावी न फिरवता नुसती जवळ असली की चालणारी गाडी घेणाऱ्याने मायलेजच्या आधी एक अंतर मोजावं: रात्री गाडी उभी राहते तिथून चावी टांगायचा खिळा किती फुटांवर आहे? जळगावच्या जुन्या वस्तीत आमच्यासारखी बरीच घरं आहेत. कंपाउंड नाही, गाडी ओट्याला लागून आणि चावी दाराच्या आतल्या बाजूला. मध्ये फक्त एक विटांची भिंत.

ती भिंत इथे कामाची नाही. दाराच्या हँडलला हात लागला की गाडी कमी फ्रिक्वेन्सीचा, साधारण १२५ किलोहर्ट्झचा सिग्नल सोडते. चावी तो ऐकते आणि बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देते. चावी मीटर-दोन मीटरच्या आत असेल तरच हे जमावं, असा हिशेब असतो. चोर दोघं येतात. एक यंत्र गाडीपाशी, दुसरं घराच्या भिंतीपाशी. ते कोड फोडत नाहीत, गाडीचा सिग्नल चावीपर्यंत आणि चावीचं उत्तर गाडीपर्यंत पोचवून नुसतं निरोप्याचं काम करतात. उत्तर खऱ्या चावीचंच असल्यामुळे दर वेळी बदलणारा कोडही उपयोगी पडत नाही. २०११ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी ८ कंपन्यांच्या १० मॉडेलांवर हे करून दाखवलं होतं. एकदा इंजिन चालू झालं की चावी लांब गेली तरी ते बंद पडत नाही, नुसतं बीप-बीप करतं. चालत्या गाडीचं इंजिन अचानक बंद पडू नये म्हणून ते तसं ठेवलेलं आहे. आणि आपला मुलूख सीमेवरचा, चोरलेली गाडी राज्याबाहेर जायला वेळ लागत नाही. रावेरच्या पुढे बऱ्हाणपूर, शिरपूरच्या पुढे पळासनेर संपलं की मध्य प्रदेश, नवापूर ओलांडलं की गुजरात.

पहिली खरेदी सिग्नल अडवणाऱ्या पाऊचची, दोन-तीनशे रुपयांची. काम करतो, पण कायमचा नाही. आतलं धातूचं कापड रोजच्या घडीने चिरतं, आणि मे महिन्यात डॅशबोर्डवर राहिलेल्या पाऊचची चिकटपट्टी सुटून आली. त्याची परीक्षा नीट घ्यायची तर दुसरी चावी घरात लांब ठेवा, पहिली पाऊचमध्ये घालून गाडीच्या हँडलला अगदी टेकवा आणि दार उघडून बघा. मोबाईल आत टाकून रिंग लावून बघण्यात अर्थ नाही, मोबाईलची फ्रिक्वेन्सी वेगळी. मी महिन्यातून एकदा तपासतो.

पाऊचची खरी अडचण घरातली माणसं. एकट्याने वापरून भागत नाही. भाऊ शेतातून आला की चावी सवयीने खिळ्यालाच. शेवटी मायनेच पाऊच स्टीलच्या डब्यात ठेवून डबा देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात टाकला. आता कोणी "गाडीनी चावी कोठे शे?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "डबामा शे." महागड्या उपकरणापेक्षा ही शिस्त जास्त कामाची निघाली. जादा चावीतला सेल काढून ठेवलाय. सेल नसेल तर ती चावी लांबून उत्तरच देत नाही, आणि गरज पडली तर बहुतेक गाड्यांत ती स्टार्ट बटणाला टेकवून गाडी चालू होते. हा उपाय फुकटचा आहे, तरी फार कमी लोक करतात. काही नव्या चाव्या हलल्या नाहीत की आपोआप झोपतात. आपली तशी आहे का, ते मॅन्युअलमध्ये बघा.

पण पाऊचने सगळं भागत नाही. आपल्या देशात चोरीचा दुसराही मार्ग आहे: काच फोडायची, स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (मेकॅनिक गाडी तपासायला यंत्र जोडतो त्या खाचेला) टॅब लावायचा आणि नवी चावी प्रोग्राम करायची. दिल्लीकडच्या टोळ्यांकडून असे टॅब जप्त झाल्याच्या बातम्या येऊन गेल्या आहेत. तिथे तुमची चावी डब्यात आहे की विहिरीत, फरक पडत नाही. म्हणून ओबीडी पोर्टवर लोखंडी झाकण बसवून घेतलं. सर्व्हिसिंगला जाताना त्याची किल्ली न्यावी लागते, एवढाच त्रास.

माझं मत विचाराल तर पैसे आधी स्टिअरिंग लॉकवर, म्हणजे स्टिअरिंगला अडकवायच्या कुलपाच्या दांड्यावर घाला. पिवळा, जाडजूड, बाहेरून काचेतून दिसणारा. टॅब आणि अँटेना घेऊन आलेल्याला तो कापायला आवाज करावा लागतो आणि वेळ द्यावा लागतो, आणि गल्लीत या दोन्ही गोष्टी त्याला नको असतात. कापता येतो, हे खरं. त्रास म्हणजे उन्हाळा. पारा ४४-४५ ला गेला की दुपारी त्याला उघडा हात लावता येत नाही, मी जुनं उपरणं गाडीतच ठेवतो. लग्नसराईत मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये मागून कोणी "भो, गाडी काढ ना" म्हणून ओरडत असताना दांडा काढत बसणं हेही कंटाळवाणंच.

जीपीएस ट्रॅकरबद्दल मन अजून द्विधा आहे. शहरात, हायवेवर झकास. पाल, यावलच्या पुढे सातपुड्यात रेंज गेली की नकाशावरचा ठिपका तिथेच थांबतो आणि रेंज आल्यावर मागची नोंद एकदम येते. इंजिन बंद करायची सोय असलेला ट्रॅकर घेतला नाही. त्यासाठी वायर कापावी लागते, आणि शोरूमवाल्याने वॉरंटीचा प्रश्न आधीच सांगितला. विम्यात सवलत मिळते ती एआरएआय या वाहन तपासणी संस्थेची मान्यता असलेल्या उपकरणाला, स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर २.५ टक्के, तीही फार तर ५०० रुपये. माझ्या ट्रॅकरला ती मान्यता नाही.

विम्यावरून आठवलं, चोरीच्या क्लेमला कंपनी दोन्ही चाव्या मागते. सेल काढलेली चावी म्हणून कुठेही टाकून देऊ नका. आणि भरपाई आयडीव्हीएवढीच, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या घटलेल्या किमतीएवढीच मिळते. नवीन गाडी असेल तर बिलाएवढी भरपाई देणारं रिटर्न टू इन्व्हॉइस हे जादा कव्हर घेतलेलं बरं.

पुढच्या उन्हाळ्याआधी पाऊच बदलणार आहे. ट्रॅकरचं वर्षाचं रिचार्ज संपत आलंय, ते करायचं की त्या पैशात मागच्या बाजूला एक कॅमेरा लावायचा, यावर भावाशी वाद चालू आहे.