वर्षभर स्पीकिंग क्लबात : खुर्चीत बसून शिकलेलं बोलणं

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईतल्या माणसाला इथेच थांबता येईल. गोव्यात फोंड्याजवळच्या एका छोट्या स्पीकिंग क्लबात जायला लागून वर्ष होत आलं. फायदा झाला, चांगलाच झाला. पण लोक ज्यासाठी अशा क्लबात जातात, म्हणजे समोर उभं राहून भाषण करायला, त्याचा वाटा त्यात थोडा. मला बोलतं केलं ते दुसऱ्यांची भाषणं ऐकताना हातात दिलेल्या कामांनी.

मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या क्वालिटी विभागात आहे. कागद माझे चोख असतात. पण ऑडिटला बाहेरचा माणूस समोर बसून ‘हे डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीत पडलेला फरक) कशामुळे?’ असं विचारू लागला की घशाला कोरड पडायची. मग एक तर मी गप्प आणि साहेब माझ्या वतीने बोलणार, नाही तर मी अशी सुटायचे की न विचारलेलंही सांगून बसायचे. यातलं दुसरं जास्त महागात पडतं, हे या धंद्यातल्या माणसांना वेगळं सांगायला नको.

आमचा क्लब कुठल्या मोठ्या संस्थेला जोडलेला नाही. एक आड एक शनिवारी संध्याकाळी भाड्याच्या हॉलमध्ये डझनभर माणसं जमतात. शिक्षक, बँकेतले, दोन-तीन कॉलेजची मुलं, एक निवृत्त हेडमास्तर, एक दुकानदार. पद्धत मात्र टोस्टमास्टर्सची, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबांच्या जागतिक संस्थेची. राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे, वायएमसीएमध्ये हा प्रकार सुरू केला आणि तो जगभर पसरला. त्यांच्या अधिकृत क्लबात जायचं तर २०२३ पासून मुख्यालयाची वर्गणी सहा महिन्यांना ६० डॉलर, शिवाय नव्या सभासदाला सुरुवातीचे २० डॉलर. त्यात त्यांचा पाथवेज हा पायरीपायरीचा ऑनलाइन अभ्यासक्रम मिळतो. आम्ही हॉलचं भाडं आणि चहा वाटून घेतो, एवढाच खर्च. अभ्यासक्रम नाही, प्रमाणपत्र नाही. मला त्याची गरज नव्हती. ज्यांना बायोडेटात लिहायचं असेल त्यांनी अधिकृत क्लब शोधावा.

बैठकीचे तीन भाग असतात. तयारीची भाषणं, प्रत्येकी पाच ते सात मिनिटं. मग आयत्या वेळचे विषय: चिठ्ठी उचलायची आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं. शेवटी प्रत्येक भाषणावर कुणीतरी दोन-तीन मिनिटं अभिप्राय द्यायचा. टायमर हिरवं, पिवळं, लाल कार्ड दाखवतो. भाषणाला पाचव्या मिनिटाला हिरवं, सहाव्याला पिवळं, सातव्याला लाल. एक जण फक्त ‘अं’, ‘म्हणजे’ मोजतो, एक जण भाषा बघतो. ही सगळी कामं दर बैठकीला फिरतात.

मला सुरुवातीला टायमर केलं, कारण नवीन माणसाला तेवढंच देतात. मी खूश झाले, बोलायला नको म्हणून. पण हातात घड्याळ धरून बसल्यावर कळलं की एक मिनिट केवढं मोठं असतं. समोरचा आयत्या विषयावर अडखळतो, थांबतो, छताकडे बघतो आणि आपल्याला वाटतं, आता संपला हा. घड्याळात बघावं तर अवघे चार सेकंद गेलेले असतात. तो मात्र ‘मी किती वेळ ब्लँक झालो’ म्हणत खाली बसतो. हे पुनःपुन्हा बघितल्यावर माझ्या डोक्यातला शांततेचा हिशोबच बदलला. ऑडिटरच्या प्रश्नानंतर तीन-चार सेकंद विचार केला तर त्याला काही वाटत नाही, उलट बरं वाटतं. हे मला भाषण करून कधीच समजलं नसतं.

‘अं’ मोजायचं काम त्याहून करमणुकीचं. गोव्यात तर तीन भाषांचे टेकू घेतलेले असतात. मराठीतलं ‘म्हणजे’ आणि ‘तर’, इंग्रजीतलं ‘अॅक्च्युअली’ आणि ‘बेसिकली’, कोकणीतलं ‘मगीर’ (मग) आणि ‘कळ्ळें मू’ (कळलं ना). आमचे दुकानदार काका एका भाषणात इतक्यांदा ‘कळ्ळें मू’ म्हणाले की माझ्या कागदावर रेघांसाठी जागा उरली नाही. दुसऱ्यांचे टेकू मोजले की घरी फोनवर बोलताना स्वतःचे ऐकू यायला लागतात. काही ठिकाणी प्रत्येक ‘अं’ला घंटी वाजवतात म्हणे. आमच्याकडे ती पद्धत नाही आणि नसावीच. घाबरलेल्या माणसाला मध्येच टोकलं तर तो ‘अं’ सोडत नाही, बोलणं सोडतो. शेवटी आकडा वाचून दाखवला तरी पुरतो.

सगळ्यात जास्त दिलं ते अभिप्राय देण्याच्या खुर्चीने. आमच्याकडे एक गृहस्थ आहेत, गावच्या जत्रेच्या नाटकात वर्षानुवर्षं राजाची भूमिका करणारे. पल्लेदार आवाज, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. तोंडाला रंग असला की हजार माणसांपुढे न डगमगणारा हा माणूस स्वतःची ओळख करून देताना गडबडला. दुसऱ्याचे शब्द आणि दुसऱ्याचा मुकुट नसला की आपल्यापैकी बरेच जण असेच होतात. गोव्यात नाटकाचं वेड गावोगावी आहे, पण स्वतःच्या नावाने चार वाक्यं बोलायची वेळ आली की मंडळी मागच्या दाराने बाहेर पडतात. त्या दिवशी अभिप्राय माझ्याकडे होता. ते खाली बसताना म्हणाले, ‘पाय लटलटत होते, दिसलंच असेल सगळ्यांना.’ मला काही दिसलं नव्हतं. मी मुद्दाम बारकाईने बघत होते, तरीही. मला दिसलं ते एवढंच की वाक्यं लवकर संपत होती.

यावर संशोधनही झालेलं आहे. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रयोग करून दाखवलं की आपली भीती ऐकणाऱ्यांना जेवढी दिसते असं वक्त्याला वाटतं, तेवढी ती दिसत नाही. आणि ही गोष्ट आधी सांगून ठेवली तर भाषणंही बरी होतात. हे वाचून डोक्याला पटतं. पोटाला पटायला मात्र समोरच्या खुर्चीत बसून दहा घाबरलेल्या माणसांना बघावं लागतं, आणि ती सोय फक्त क्लबात आहे. आरशासमोरच्या सरावात नाही, यूट्यूबवर तर नाहीच.

आता माझ्या भाषणांबद्दल, थोडक्यात. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत ‘आदरणीय अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रमैत्रिणींनो’ पासून शेवटपर्यंत सगळं घोकून म्हणायची आम्हाला सवय लावलेली. एक मणी निसटला की अख्खी माळ खाली. क्लबात पहिली दोन भाषणं मी तशीच पाठ करून केली. हेडमास्तर सरांनी अभिप्रायात एकच प्रश्न विचारला: ‘बाय, तुका कितें सांगपाचें आशिल्लें?’ म्हणजे, तुला सांगायचं काय होतं? मला सांगता आलं नाही. तेव्हापासून मी पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं करते, मधल्या भागाचे तीन-चार शब्द चिठ्ठीवर लिहिते आणि बाकी उभं राहिल्यावर जुळवते. भाषणाची भाषा त्याने थोडी खडबडीत झाली. चालतं.

भाषेवरून आमच्याकडे फार गोंधळ नाही, गोव्यात असूनही! ज्याला ज्या भाषेत बोलायचं त्यात बोलावं. घरात कोकणी, पेपर मराठी, ऑफिसात इंग्रजी अशी बहुतेकांची वाटणी. त्यामुळे कुणी कुठल्या भाषेत उभं राहतो यावरून त्याला कुठे अडतं ते कळतं. मी मराठीत सुरुवात केली, कारण त्यात मला आधार वाटतो. सहा महिन्यांनी मराठीत मी निवांत बोलू लागले आणि ऑडिटच्या इंग्रजीत तशीच अडखळत राहिले. थांबणं, श्वास घेणं, मुद्द्यावर येणं हे एका भाषेतून दुसरीत येतं. पण ऐन वेळी शब्द हाताशी येणं येत नाही. त्यासाठी आयत्या वेळचे विषय मी इंग्रजीत घ्यायला लागले. म्हणून माझं मत असं की आधार वाटेल त्या भाषेत सुरुवात करावी, पण जिथे बोलायची गरज आहे त्या भाषेत लवकर शिरावं. नुसतं मराठीतच छान छान बोलत राहिले असते तर कौतुक झालं असतं आणि काम अडलंच असतं.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत.

पहिली म्हणजे गोडगोड अभिप्राय. ‘खूप सुंदर, खूप प्रेरणादायी, आवाज थोडा वाढवला तर आणखी छान.’ याचा उपयोग शून्य. सर नसले की बैठक अशीच जाते. गाव छोटा, सगळे एकमेकांना लग्नाकार्यात भेटणार, मग वाईटपणा कोण घेणार? दुसरी, भाषणांचे विषय. व्हॉट्सअॅपवर आलेली गरुडाची गोष्ट मी तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकली आहे. स्वतःच्या कामाबद्दल कुणी बोललं, म्हणजे काजूच्या हंगामात माल कसा पारखतात किंवा बँकेत खोटी सही कशी ओळखतात, की हॉल जागा होतो. पण लोकांना वाटतं, हे काय भाषण झालं! तिसरी, वेळ. मिनिटामिनिटाला कार्ड दाखवणारा क्लब स्वतः अर्धा तास उशिरा सुरू होतो. आत गावात राहणाऱ्या बायकांना शेवटची बस गाठायची असते, त्या चहाच्या आधी निघतात, आणि अभिप्रायाचा भाग नेमका शेवटी असतो. यावर मी बोलले आहे. आता अधूनमधून वेळेवर सुरू होतं.

पावसाचंही सांगायला हवं. आमच्या हॉलला पत्रे आहेत. जुलैत त्यावर पाऊस कोसळायला लागला की दुसऱ्या रांगेलाही ऐकू येत नाही. माइक नाही. आवाज कसा फेकावा हे त्या दिवसांत आपोआप शिकले, हे खरं. पण माइकवर बोलण्याचा सराव इथे होत नाही, आणि कंपनीच्या कार्यक्रमात माइक हातात आला की मी अजून त्याच्यावर ओरडते. चतुर्थीच्या आधीपासून क्लब बंदच पडल्यासारखा होतो. कुणाचा दोष नाही, गोव्यात त्या दिवसांत काहीच चालत नाही.

क्लबाची खरी मर्यादा मला क्लबाबाहेर कळली. आमच्याकडे पंचायत राज कायद्याप्रमाणे ठरावीक महिन्यांतल्या रविवारी ग्रामसभा होते. गोव्यात डोंगर कापणीपासून कचऱ्यापर्यंत सगळं तिथे निघतं, आणि आवाज चढल्याशिवाय सभा झाली असं कुणी मानत नाही. मी आमच्या वाड्यावरच्या गटाराचा मुद्दा घेऊन उभी राहिले. दुसऱ्या वाक्याला मागून कुणीतरी ‘अगो बाय, तुमच्या वाड्याचंच काय ते?’ म्हणून मध्ये पडला. क्लबात कुणी मध्ये पडत नाही. तिथे उठलं की टाळ्या, बसलं की टाळ्या. अडवलं गेल्यावर काय करायचं हे वर्षभरात एकदाही शिकवलेलं नव्हतं. मला सुचलं ते एवढंच की गप्प उभं राहायचं, बसायचं नाही. त्याचं बोलून झालं, माझे उरलेले दोन मुद्दे मी सांगितले, सचिवांना ते इतिवृत्तात घ्यायला सांगितलं आणि मग बसले. गटार पावसाआधी उपसलं गेलं की नाही हा वेगळा विषय आहे. त्यानंतर मी क्लबात सुचवलं की महिन्यातून एकदा आयत्या वेळच्या विषयाला दोघांनी मुद्दाम अडवायचं. दोन बैठकांत केलं, जाम मजा आली, मग ज्येष्ठांना ते असभ्य वाटलं आणि बंद पडलं.

ऑडिटचं म्हणाल तर गेल्या वेळी साहेब शेजारी असून बोलले नाहीत. मी विचारलं तेवढंच सांगितलं, कागद पुढे सरकवला आणि थांबले. छातीत धडधड होतीच. ती गेलेली नाही आणि जाईल असं मला वाटतही नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं. आधी पाहुणे म्हणून एक-दोन बैठका फुकट बसा. बहुतेक क्लब बसू देतात. भाषणं कशी होतात यापेक्षा अभिप्राय कसे दिले जातात ते बघा. ‘तिसऱ्या मिनिटाला उदाहरण आलं तिथे मी जागी झाले’ असं कुणी बोलत असेल तर तिथे नाव घाला. नुसतं ‘खूप छान’ असेल तर दुसरा क्लब शोधा. लागताच टायमरचं काम मागून घ्या. चार लोकांसमोर उभं राहायच्या विचाराने रात्र रात्र झोप जात असेल, उलट्या होत असतील, त्या भीतीने नोकरी किंवा शिक्षण सोडायची पाळी येत असेल, तर आधी डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जा. बांबोळीला आयपीएचबी हे मनोविकारांचं रुग्णालय आहे, सरकारी आहे. तोतरेपणासाठी स्पीच थेरपिस्ट वेगळा असतो, ते काम क्लबाचं नाही.

मुलाला आणू का, असं ओळखीचे बरेच जण विचारतात. टोस्टमास्टर्सचं सभासदत्व १८ वर्षांवरच्यांनाच मिळतं. लहानांसाठी त्यांचे गॅव्हल क्लब असतात. आमच्याकडे असा नियम नाही, दहावी-बारावीची मुलं येऊन बसतात. फक्त आईबापांनी पहिल्या रांगेत बसून मोबाइलवर चित्रण करू नये, एवढी विनंती.