सी-२७६ची डिश: रिपोर्ट खरा, कूपन दुसरंच

पीएमआय गनने (धातूत कोणती मूलद्रव्यं किती ते मोजणारं हातातलं यंत्र) क्रोमियम साडेपंधरा, मॉलिब्डेनम सोळा, टंगस्टन साडेतीन टक्के दाखवलं. टीसीवरचा (टेस्ट सर्टिफिकेट) हीट नंबर, म्हणजे धातूच्या ओतीचा क्रमांक, डिशवर पंच केलेला होता. गंजाच्या चाचणीचा लॅब रिपोर्टही अस्सल. तरीही अलॉय सी-२७६चा (ॲसिडला टिकणारा निकेलचा मिश्रधातू) हा डिश एंड, म्हणजे टाकीचं घुमटाकार टोक, निकामीच गळ्यात मारला गेला.

प्लेट खरी होती. लबाडी झाली भट्टीत. गरम दाबलेली डिश शेवटी ११२० अंश सेल्सिअसला तापवून, सोक देऊन (त्या तापमानाला काही वेळ धरून), तडक पाण्यात बुडवायची असते. बिलात तसं लावलंही होतं. भट्टीवाल्याने नंतर कबूल केलं ते वेगळंच: ८००-९०० अंशांच्या तीन हीटमध्ये (म्हणजे तीनदा तापवून) प्रेस केली (तेवढंच इंधन वाचतं) आणि जमिनीवर गार होऊ दिली. साधारण ६५० ते १०९० अंशांच्या टप्प्यात धातूच्या कणांच्या सीमांवर मॉलिब्डेनमने भरलेला म्यू फेज (धातूंचंच एक संयुग) आणि कार्बाइड (कार्बनची संयुगं) साचतात. ८७०च्या आसपास तासभर पुरतो. सीमेलगतची चिंचोळी पट्टी मॉलिब्डेनमला मुकते आणि ॲसिड तिथून आत शिरतं. गन काही मिलिमीटरच्या ठिपक्याची सरासरी वाचते, तिला ही पट्टी दिसणं शक्य नाही. पिकलिंगनंतर (ॲसिडने धुतल्यावर) भट्टीचा रंगही उडतो. डिश चांदीसारखी चकचकीत.

यावर डिशवाल्याचं ठरलेलं उत्तर: ‘कार्बन ०.०१च्या आत आहे, वेल्डिंगनंतर तरी कुठे ट्रीटमेंट करता?’ अर्धसत्य आहे हे. वेल्डलगतचा भाग त्या टप्प्यातून झटकन बाहेर पडतो, जाड डिश तिथे रेंगाळते. आणि म्यू फेजला कार्बन लागतच नाही.

मग चाचणी पास कशी झाली? कूपन (चाचणीचा नमुना तुकडा) मूळ प्लेटमधून प्रेसिंगच्या आधीच कापलं होतं, त्याने भट्टी पाहिलीच नव्हती. भट्टीच्या तापमानाच्या चार्टवर ११२०ची सुरेख सरळ रेघ होती, पण थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भट्टीच्या छताचं, जॉबला म्हणजे डिशला एकही नाही. तारीखही प्रेसिंगच्या आदल्या दिवशीची! कागद नीट वाचला असता तर तिथेच पकडलं असतं.

डिशच्या कडेचा ट्रिमिंगचा तुकडा एएसटीएम जी-२८ या गंज-चाचणीच्या मानकाच्या ‘ए’ पद्धतीने तपासला: ४०० मिलि पाण्यात २३६ मिलि तीव्र सल्फ्युरिक ॲसिड (ॲसिड पाण्यात, उलट कधीच नाही), २५ ग्रॅम फेरिक सल्फेट, २४ तास उकळत. चांगला सी-२७६सुद्धा यात वर्षाला ६ मिमीच्या आसपास दराने झिजतो, तो आकडा पाहून घाबरू नये. आमचा तुकडा त्याच्या कित्येक पट गेला आणि बोटाने घासल्यावर रव्यासारखे कण हाताला लागले.

कूपनवर प्रेसिंगच्या आधी आपला पंच मारा. प्रत्येक हीटला ते डिशसोबतच आत जाऊ द्या, क्वेंचलाही (पाण्यात बुडवतानाही) सोबत, आणि लॅबला पाठवायचं ते त्यानंतर. थर्मोकपल जॉबला लावून घ्या. दार उघडल्यापासून टाकीत बुडेपर्यंत आपला माणूस तिथे उभा हवा. डिश भट्टीत घालण्याआधी मार्कर, ग्रीस, खडूच्या खुणा पुसून काढा. त्यातलं गंधक निकेलशी मिळून ६४० अंशांच्या आसपासच वितळतं आणि पृष्ठभागाला तडे देतं.

बिघडलेली डिश ११२०ला नेऊन पुन्हा क्वेंच केली तर सुधारते. मात्र गोलावा हलतो, शेलशी (टाकीच्या नळकांडी भागाशी) फिट-अप, म्हणजे जुळणी, पुन्हा बघावं लागतं. त्या दुसऱ्या भट्टीचा खर्च कोणी द्यायचा, हे ऑर्डरमध्ये आम्ही लिहिलं नव्हतं.