११० की १२५? बडोद्यात अ‍ॅक्टिव्हा घेताना

"भाऊजी, ११० घेऊ की १२५?" वहिनींनी चहा पुढे ठेवता ठेवता विचारलं. मी विचारलं, "मागे कोण बसणार?" त्यांना वाटलं मी प्रश्न टाळतोय.

त्यांची सध्याची अ‍ॅक्टिव्हा सीट उचलून पेट्रोल भरायच्या काळातली. पंपावर उतरायचं, भाजीची पिशवी काढायची, सीट उघडायची आणि मागच्याचा हॉर्न ऐकत राहायचं. २०२० मध्ये अ‍ॅक्टिव्हाची सहावी पिढी, ६-जी, आली तेव्हा टाकीचं झाकण बाहेर आलं, पुढचं चाक १२ इंची झालं आणि पुढे धक्के झेलणारे टेलिस्कोपिक फोर्क आले. त्यामुळे जुन्यावरून उठून आलेल्या माणसाला आजची कुठलीही अ‍ॅक्टिव्हा आवडणारच. गोंधळ सुरू होतो तो पुढे, शोरूममध्ये.

कागदावर बघा. ११० चं इंजिन १०९.५१ सीसीचं, ताकद सुमारे ८ पीएस. १२५ चं १२३.९२ सीसी, सुमारे ८.४ पीएस. एवढ्यासाठी जास्तीचे पैसे कोण मोजेल? पण खरा फरक ओढीत, म्हणजे टॉर्कमध्ये, आहे. ११० ची साधारण ९ न्यूटन मीटर, १२५ ची साडेदहा. एकट्या माणसाला दांडिया बाजारातून खंडेराव मार्केटला जाताना हा फरक जाणवतच नाही, कारण तिथे पुढे गाय, बाजूला रिक्षा आणि मध्ये आपण. तो जाणवतो मागे वजनदार माणूस बसलं की, आणि तेही चढावर. गेंडा सर्कलहून मनीषा चौकडीकडे जाणारा अटल पूल चढताना ११० ची मूठ बरीच पिळावी लागते, १२५ मध्ये हात मोकळा राहतो.

माझ्या मते १२५ घ्यायचं त्याहून मोठं कारण म्हणजे पुढचा डिस्क ब्रेक. ११० मध्ये कुठलंही व्हेरियंट घ्या, दोन्हीकडे ड्रमच. एक लिव्हर दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो ते सीबीएस दोन्हींत आहे, ते काही विशेष नव्हे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसेल तर ते सक्तीचंच आहे. पण ओल्या रस्त्यावर मागे कुणी बसलेलं असताना डिस्कचा भरवसा वेगळा. मागचं चाक मात्र दोन्हींचं १० इंची, म्हणजे खड्डा दोन्हींवर सारखाच बसतो. ज्यांची कंबर आधीच बोलते त्यांनी दोन्ही चाकं १२ इंची असलेली टीव्हीएसची ज्युपिटरही एकदा चालवून बघावी. २०२४ च्या नव्या ज्युपिटरमध्ये सीटखाली ३३ लिटर जागा आहे, अ‍ॅक्टिव्हात साधारण १८. लिटरचे आकडे डोक्यात बसत नाहीत, म्हणून शोरूममध्ये स्वतःचं हेल्मेट घेऊन जा आणि सीटखाली ठेवून झाकण लावून बघा. सेल्समन हसेल, हसू दे.

व्हेरियंटचं म्हणाल तर ११० मध्ये स्टँडर्डवर डिलक्स, डिलक्सवर एच-स्मार्ट. डिलक्समध्ये अलॉय चाकं येतात. सेल्समन सगळ्यात आधी टीएफटी, म्हणजे रंगीत डिजिटल, पडद्याकडे बोट दाखवतो, "बेन, डिस्प्ले जुओ!" जुओ, पण बडोद्याच्या मे महिन्यात भर दुपारी कोण पडदा बघत गाडी चालवतं?

एच-स्मार्टची चावी खिशात असली तरी गाडी सुरू होते, सीट उघडते, पार्किंगमध्ये इंडिकेटर लुकलुकवून गाडी सापडते. सोय छान आहे. पण ओळखीच्या एक काकू अशाच चावीच्या गाडीवरून काकांना स्टेशनवर सोडायला गेल्या. चावी काकांच्या खिशात. एकदा सुरू झालेली गाडी चावी लांब गेली म्हणून बंद पडत नाही, त्यामुळे काकू निवांत सयाजीगंजात भाजी घ्यायला थांबल्या आणि त्यांनी गाडी बंद केली. काका तोवर सुरतच्या वाटेवर. घरात एका गाडीचे दोन-तीन चालक असतील तर साधी चावी बरी, ती खिळ्याला टांगता तरी येते.

वरच्या व्हेरियंटसाठी काढून ठेवलेले पैसे कुठे घालावेत हे मला ऑगस्ट २०२४ ने शिकवलं. विश्वामित्री नदी वर आली आणि आमच्या सोसायटीत गाड्यांच्या सीटपर्यंत पाणी. पाणी ओसरल्यावर शेजाऱ्यांनी पहिलं काय केलं, तर सेल्फ मारला. हे अजिबात करू नये. एअर फिल्टरमधून पाणी इंजिनात गेलेलं असतं, बेल्टच्या डब्यातही साचतं, आणि ऑइल उघडून पाहिलं तर दुधाच्या कॉफीसारखं दिसतं. गाडी ढकलत मेकॅनिककडे न्यायची, ऑइल बदलायचं, मगच बटण. थर्ड पार्टी विमा या नुकसानीचा एक रुपया देत नाही. नव्या गाडीला थर्ड पार्टी पाच वर्षांचा असतो, पण ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, बहुतेक एकाच वर्षाचा मिळतो आणि तो पुढे भरायचं लोक विसरतात. एच-स्मार्टपेक्षा तो दरवर्षी भरलेला बरा.

"आणि चिनूही क्लासला नेईल," वहिनी म्हणाल्या. पुतणी १७ ची आहे. १८ च्या आत कायद्याने ५० सीसीपर्यंतचीच गाडी चालवता येते, तीही लायसन्स काढून. पकडली तर पालकाला २५ हजार दंड, शिवाय तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे एक वर्ष चिनू मागेच बसणार. आणि आईला रोज संध्याकाळी मांडवीच्या विठ्ठल मंदिरात जायचं असतं, म्हणजे मागची सीट कधीच रिकामी नाही.

रविवारी आईला मागे बसवून दोन्हींची टेस्ट राइड झाली. ११० वर आई पुलावर म्हणाली, "हळू चालली वाटतं." १२५ वर काही म्हणाली नाही. वहिनींनी १२५ डिलक्स बुक केली. रंगावरून अजून वाद चालू आहे.