वाफगळतीचा दिवा: आधी स्कॅनर की थेट स्मोक टेस्ट?
पेट्रोलची वाफ गळाली तरी लागणारा चेक इंजिनचा दिवा लागला, तर गावात बसून स्कॅनर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावावा की गाडी यवतमाळला नेऊन स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) करावी? माझं मत, आधी स्कॅनर. पी०४५५ हा कोड आला तर गळती मोठी, पी०४५६ आला तर अगदी बारीक. गळतीची जागा मात्र कोड सांगत नाही, म्हणून आधी टाकीचं झाकण पाहा. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात टाकीच्या झाकणाचं रबर कडक पडतं. नखाने दाबून पाहा, चीर दिसली तर झाकणच बदला. मग कोड पुसून, टाकी पाव ते पाऊण ठेवून काही दिवस गाडी चालवा. गाडीचा कॉम्प्युटर गळतीची तपासणी लगेच करत नाही. दिवा परत आलाच तर स्मोक टेस्टला पर्याय नाही. हलक्या दाबाने सोडलेला धूर फुटक्या नळीतून डोळ्यांदेखत बाहेर येतो. त्याआधी मिस्त्रीला पर्ज व्हॉल्व्ह (साठलेली वाफ इंजिनात सोडणारी झडप) किंवा कॅनिस्टर (वाफ साठवणारा कोळशाचा डबा) अंदाजाने बदलू देऊ नका.